परातीपाशी मुलगाही बसू द्या

पोषण माह लागला की गावोगावच्या अंगणवाड्यांत रांगोळ्या निघतात, पालेभाज्यांची तोरणं लागतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. २०२५ मध्ये त्यात युनिसेफच्या अहवालाची भर पडली. ५ ते १९ या वयोगटात जगभरातल्या लठ्ठ मुलांचं प्रमाण ९.४ टक्के झालं आणि पहिल्यांदाच ते कमी वजनाच्या मुलांच्या, म्हणजे ९.२ टक्क्यांच्या वर गेलं, हे आपण सगळ्यांनी वाचलं. मथळ्यात आलं नाही ते हे, की दक्षिण आशिया आणि सहारा वाळवंटाखालचा आफ्रिका या दोन प्रदेशांत अजून तसं झालेलं नाही. आपल्याकडे कमी वजनाची मुलं आजही जास्त आहेत आणि पुड्यातल्या खाण्यावर वाढणारी मुलंही त्याच गल्लीत राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होतं. कुपोषण आणि पुड्यातलं खाणं असा हा दुहेरी मार आहे आणि एकाच घरात एकाच वेळी बसतो आहे.

वर्धा जिल्ह्यातलं रोहणा घ्या. आर्वी तालुक्यातलं, पुलगाव-आर्वी वाटेवरचं गाव. या पट्ट्यात शिवार कपाशीचं, तुरीचं, सोयाबीनचं. भादव्यात बरबटीच्या शेंगा आणि अंबाडी हाताशी असते, महालक्ष्म्यांपुढे सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील मांडली जाते. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले. आणि बारा महिने, कुठल्याही गावात, किराणा दुकानाच्या दारावर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. तीन वर्षांच्या पोराला पुड्याचा रंग लांबून कळतो. बरबटीची कोवळी शेंग आणि जून शेंग यांतला फरक त्याला कळावा, यासाठी मात्र त्याच्या हातात ती शेंग कुणी दिलेलीच नसते.

मुलानं काय खावं यावर आपण पुष्कळ बोलतो. सरकारनं तर ते ग्रॅममध्ये मोजून ठेवलं आहे. अंगणवाडीतल्या मुलांसाठी वेगळं प्रमाण, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. हे मोजमाप हवंच आणि ताटात ते खरोखर पडायला हवं. पण या साऱ्या व्यवस्थेत मूल म्हणजे लाभार्थी, म्हणजे फक्त तोंड. त्याला दोन हातही आहेत आणि ते अन्नाला लागले पाहिजेत, याला कुठंच रकाना नाही.

हा रकाना याच जिल्ह्यात एकदा भरला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हातच्या कामातून शिकवणाऱ्या नयी तालीमचा आराखडा तयार झाला. सेवाग्रामात तो प्रत्यक्षात आणला तो आर्यनायकम् दांपत्यानं. एडवर्ड आर्यनायकम् सिलोनचे, आशादेवी बंगाली. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. नयी तालीम म्हटलं की लोकांना टकळी आठवते. स्वयंपाकघर कुणाला आठवत नाही आणि मला ते सगळ्यांत मोठं विस्मरण वाटतं. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा वर्ग होता. पंक्तीला किती माणसं, दरडोई धान्य किती, शेतातून भाजी किती आली, बाजारातून किती आणावी लागली, त्याचा खर्च किती, हा हिशेब मुलांच्या हातचा. तराजू त्यांच्याकडं, चूलही पाळीपाळीनं त्यांच्याकडं. गणित, आरोग्य, शेती आणि विज्ञान एकाच पातेल्यात शिजायचं. मुलगे आणि मुली दोघंही रांधायचे, भांडी घासायचे, आणि कुठल्याही जातीच्या मुलानं शिजवलेलं अन्न सगळे एका पंक्तीत बसून जेवायचे. १९३० आणि ४० च्या दशकात हे किती धाडसाचं होतं, हे विदर्भातल्या जुन्या पिढीला वेगळं सांगायला नको.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची व्याप्ती वाढवली. सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी शिक्षण आलं. सेवाग्रामात या लहानग्यांमध्ये शांताबाई नारुलकरांनी काम केलं. त्याच साली पश्चिम किनाऱ्यावर बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथूनच अंगणवाडी ही कल्पना रुजली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं तेच, अंगणवाडी. नाव घेतलं, आहारही घेतला, मुलांच्या हातांना मिळणारं काम मागं पडलं.

सेवाग्रामची मूळ शाळा पुढं बंद पडली. २००५ मध्ये नयी तालीम समितीनं आनंद निकेतन विद्यालय नव्यानं सुरू केलं. मराठी माध्यमाची ही शाळा सुषमाताई शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. शेती, स्वयंपाक, शिवण ही कामं तिथं अभ्यासक्रमाचा भाग आहेत. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी प्रशिक्षणाच्या नावाखाली लांब लांब जाण्याऐवजी एक दिवस तिथं काढावा, असं मला मनापासून वाटतं.

वर्ध्याची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचं ठाणं झालं. गांधीजी तिथं राहत असताना हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्चा पाला यांचे प्रयोग चालले होते, आणि १९३५ मध्ये तिथल्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजत होतं. ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्यांनी त्यावर लिहिलं. तेव्हा हे धान्य इथं कुणाच्या ओळखीचं नव्हतं. आज जिल्ह्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे आणि जवळपास सगळं बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात जातं. घरच्या डब्यात मूठभर राहत नाही. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असलेलं पीक दारात उभं, आणि घरातल्या मुलाच्या ताटात प्रथिनांची वाण. चांगलं भाजलेलं सोयाबीन किलोभर गव्हामागं शंभर ग्रॅम या हिशेबानं दळणात घातलं तर चव फारशी बदलत नाही. कच्चं मात्र पचत नाही, ते भाजायला किंवा उकडायलाच हवं. दळणाचा डबा भरताना ती मूठ मुलानं टाकावी. आपल्या शेतातलं आपल्या पोटात जातं, हे त्याला त्या वेळी कळेल.

मुलांना रांधायला घेतल्यानं ती खरंच जास्त खातात का? २०१४ मध्ये ‘ॲपेटाइट’ या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास आला होता. सहा ते दहा वर्षांच्या ४७ मुलांपैकी ज्यांनी आईवडिलांबरोबर जेवण बनवलं, त्यांनी इतरांपेक्षा ७६ टक्के जास्त सॅलड खाल्लं. अभ्यास छोटा, एकाच जेवणापुरता, आणि तो करणारे शास्त्रज्ञ नेस्लेचे होते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरीही पुड्यातलं अन्न विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतून हा निष्कर्ष यावा, याची मला दखल घ्यावीशी वाटते.

शिवाय त्यासाठी स्वित्झर्लंडला कशाला जायचं? ज्वारीच्या पिठाची परात पुरे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवावं लागतं. ते पाणी मोठ्यांनी ओतायचं. पीठ कोमट झालं की परात मुलापुढं सरकवायची. तळहाताच्या टाचेनं रगडत राहिलं की भुरभुरीत पीठ हळूहळू एकजीव होतं, आणि हा बदल बोटांना कळतो. मग लिंबाएवढा गोळा, त्याची चानकी, म्हणजे छोटीशी भाकर. थापता थापता कडा फाटतात. ओल्या बोटानं त्या सांधायच्या, पुन्हा थापायचं. तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, उलटणं हे मोठ्यांचं काम. मूल हातभर लांब बसून बघतं. वाकडीतिकडी, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोकाची ती चानकी जवसाच्या चटणीबरोबर पोर संपवतं. आपण थापलेली भाकर ताटात टाकून उठलेलं मूल माझ्या पाहण्यात नाही.

तीन वर्षांच्या मुलाला बरबटीच्या शेंगा मोडता येतात, सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता येतो, कढीपत्त्याची पानं ओढता येतात. पाच वर्षांचं मूल वाटीनं डाळ मोजतं, धुतं, वरणावर लिंबू पिळतं; आंबटामुळं डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते, तेव्हा त्या कामाला अर्थही आहे. उकडपेंडीसाठी ताक घुसळणं सहा-सात वर्षांच्या पोराला आवडतं. फोडणी आणि उकळतं पाणी मोठ्यांच्याच हातात. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे तोंडात टाकू देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावेत. भाजी पराठ्यात लपवून भरवण्याची टूम सध्या जोरात आहे. मला ती पटत नाही. लपवलेली भाजी पोटात जाते, मुलाची तिच्याशी ओळख होत नाही.

आता खरी अडचण. निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते. पोराला परातीपाशी बसवून शिकवायला तिला वेळ कुठला? हा आक्षेप रास्त आहे. पोषणाची प्रत्येक योजना शेवटी आईच्याच डोक्यावर येऊन पडते. स्पर्धा तिच्या, वजनाचे तक्ते तिच्या नावावर, मूल खुजं राहिलं तर बोलही तिलाच. त्यात हे आणखी एक काम घालण्यासाठी मी लिहीत नाही. घरात बाप असतो, आजोबा असतात, संध्याकाळ असते. शेंगा मोडायला तर ओसरी पुरते.

आणि दुसरी बाजूही उघडपणे बोलू. खेड्यात नऊ-दहा वर्षांची पोरगी आजही स्वयंपाक करते. हौस म्हणून नव्हे, घरात दुसरं कुणी नसतं म्हणून. तिच्या पाठचा भाऊ ताटावर येऊन बसतो. मुलांबरोबर रांधण्याचं कौतुक करताना या पोरीवरचा भार वाढवायचा असेल तर ते न केलेलं बरं. म्हणून माझा आग्रह मुलग्यांसाठी आहे. चार वर्षांच्या मुलग्याला चानकी थापायला बसवलं तर तो चौदाव्या वर्षी बहिणीच्या हातातलं लाटणं घ्यायला कचरणार नाही. सेवाग्रामनं हे आठ दशकांपूर्वी करून दाखवलं आहे.

शाळांसाठी एक मागणी. परसबागेच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, वांगी-पालक-शेवगा उभा राहतो. शंभर मुलांची खिचडी मुलांनी शिजवावी असं कुणी म्हणणार नाही. ते स्वयंपाकी आणि मदतनीस ताईंचं काम आहे आणि त्याचा त्यांना नीट मोबदला मिळायला हवा. पण परसबागेतली भाजी खुडणं, धुणं, निवडणं, तोलणं आणि त्या तोलावरून त्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात किती आली हे फळ्यावर मांडणं, एवढं आठवड्यातल्या एका तासात होतं. त्यासाठी निधी लागत नाही, नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात तेवढा एक तास काढावा, आणि त्या तासाला मुलांना आणि मुलींना एकाच टोपलीभोवती बसवावं.