फोन घेताना अपडेटची तारीखही विचारा

गेल्या दिवाळीत मावशीच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून ‘अबाउट फोन’ पाहिलं. काच लखलखीत, बॅटरी दिवसभर टिकणारी, पण सिक्युरिटी अपडेटच्या ओळीत दोन वर्षांपूर्वीची तारीख. याच फोनवरून ती विजेचं बिल भरते, नातवाला यूपीआयने खाऊचे पैसे पाठवते. “अगं, अडीच वर्षं तर झालीत घेऊन!” तिला वाईट वाटलं आणि मला रागही आला. तिच्यासारखी फसगत अनेकांची होते. त्यामागचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : अपडेट म्हणजे नवे आयकॉन, नवा रंग. नाही आले तरी काय बिघडलं?
वस्तुस्थिती : अपडेट दोन प्रकारचे असतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते, तेव्हा रूप आणि सोयी बदलतात. सिक्युरिटी पॅच मात्र सॉफ्टवेअरमधली सापडलेली भगदाडं बुजवतो. 2015 मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज आला तरी फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. त्यानंतरच गूगलने दरमहा सिक्युरिटी पॅच काढायला सुरुवात केली. रूप जुनं राहिलं तर चालेल, पण पॅच थांबणं धोक्याचं.

गैरसमज : प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट करते, अँटिव्हायरसही आहे. तेवढं पुरे.
वस्तुस्थिती : ॲप म्हणजे घरातलं सामान, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे भिंती. भिंतीला पडलेलं भोक कपाट बदलून बुजत नाही. अँड्रॉइड 10 पासून सिस्टिमचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत दुरुस्त होतात, हे खरं. पण चिपच्या ड्रायव्हरमधले दोष फोन कंपनीच्या अपडेटशिवाय सुटत नाहीत.

गैरसमज : अँड्रॉइड गूगलचं, म्हणजे अपडेट अडवतं ते गूगलच.
वस्तुस्थिती : गूगलने दिलेली दुरुस्ती बहुधा थेट आपल्या फोनवर येत नाही. आधी क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या चिप कंपनीची साथ लागते. मग फोन कंपनी ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवते, तपासते आणि प्रत्येक मॉडेलसाठी पाठवते. या कामाला माणसं आणि पैसा लागतो. स्वस्त मॉडेलसाठी तो खर्च आधी थांबतो. 2017 मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने ही साखळी बरीच सुटसुटीत केली. त्यामुळे तांत्रिक अडचणीची सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही.

गैरसमज : ‘चार वर्षं अपडेट’ म्हणजे मी घेतल्यापासून चार वर्षं.
वस्तुस्थिती : सर्वाधिक फसगत इथेच होते. ही वर्षं बहुधा मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात. पिक्सेल 8 ऑक्टोबर 2023 मध्ये आला, त्याला सात वर्षांची हमी आहे. तोच फोन कुणी दोन वर्षांनी घेतला, तर हातात पाचच वर्षं उरतात. सेलमध्ये जुनं मॉडेल स्वस्त मिळतं, तेव्हा हा हिशेब हमखास राहून जातो.

गैरसमज : फोन जुना झाला की कंपन्या अपडेट देऊन मुद्दाम तो मंद करतात.
वस्तुस्थिती : हा संशय निराधार नाही, पण सरसकट खराही नाही. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही, म्हणून 2020 मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला. मात्र या भीतीने सिक्युरिटी पॅच टाळणं म्हणजे दार उघडं ठेवून झोपणं. वेग कमी वाटला तर आधी बॅटरी तपासून घ्या.

गैरसमज : इतकी वर्षं अपडेट देणं कुणालाच परवडत नाही.
वस्तुस्थिती : 2013 च्या आयफोन 5एसला जानेवारी 2023 मध्येही सुरक्षेचा अपडेट आला. सॅमसंगने गॅलेक्सी एस24 ला सात वर्षांचं वचन दिलं. युरोपीय संघाने तर 20 जून 2025 पासून नियमच लागू केला आहे. त्यात अपडेटची किमान पाच वर्षं मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजली जातात. वर्षं ग्राहकाच्या बाजूने कशी मोजायची, हे यातून दिसतं.

अपडेट थांबले म्हणून फोन लगेच फेकायचा नाही. बँकेची आणि यूपीआयची ॲप तेवढी दुसऱ्या फोनवर हलवा. जुन्यावर गजर, गाणी, फोटो खुशाल चालू द्या.

नवा फोन घेताना मावशीने दुकानदाराला विचारलं, “हे मॉडेल बाजारात कधी आलं? सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील?” तो म्हणाला, “काकू, असं कुणी विचारत नाही.” मग त्याने कंपनीच्या साइटवर तारीख शोधून दाखवली. पुढच्या गिऱ्हाइकानेही हेच विचारलं, तर ती तारीख कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी खोक्यावर छापावी लागेल.