प्रबंधातला प्रयोग आणि तुमच्या खाचरातला प्रयोग



पावसाळा सुरू झाला की पालघर, मनोर, बोईसर, सफाळे या भागांत कृषी महाविद्यालयाची मुले हातात छापील कागद घेऊन बांधाबांधाने हिंडताना दिसतात. वाण कोणता, खत किती, आवणी कधी केली, असे प्रश्न विचारतात. तुम्ही काम थांबवून उत्तरे देता. एखादा विद्यार्थी प्रयोगासाठी खाचराचा तुकडाही मागतो. पुढच्या वर्षी तो येत नाही. दुसराच कोणी येतो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतो. मग तुम्ही म्हणता, "साहेब, या अभ्यासातून आम्हाला काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र अभ्यास कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून असते. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध आणि शेतकऱ्याच्या अडचणीवर केलेला उपयोजित अभ्यास या दोहोंत फरक आहे. तो माहीत नसेल तर दोन चुका होतात. प्रबंधातील आकडा शिफारस समजून आपण सगळ्या शेतावर उतरवतो आणि फसतो, किंवा सगळेच संशोधन कागदी म्हणून झिडकारतो. दोन्हींत नुकसान शेतकऱ्याचेच होते.

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याजवळ सारी मिळून दोन वर्षे असतात. त्यांतील बराच काळ अभ्यासक्रमात जातो. प्रत्यक्ष शेतात एक हंगाम मिळतो, फार तर दोन. त्याला एकच प्रश्न काटेकोरपणे तपासायचा असतो. समजा, नत्राची कोणती मात्रा भाताला चांगली, हा प्रश्न आहे. मग जमीन, पाणी, वाण, रोपाचे वय, निंदणी हे सर्व सारखे ठेवून फक्त नत्र बदलायचे. लहान लहान वाफे पाडायचे, कोणती मात्रा कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आणि प्रत्येक मात्रा तीन-चार वेळा वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायची. शेवटी दिसणारा फरक योगायोगाने आलेला नाही ना, हे संख्याशास्त्राने पाहायचे. बाहेरचे परीक्षक ते तपासतात. विद्यार्थी शिस्तीने काम करावयास शिकला की नाही, हे त्यांना पाहायचे असते. पदवी मिळते आणि प्रबंध ग्रंथालयात जातो.

यात चूक काही नाही. फक्त वाफा किती लहान असतो ते लक्षात घ्या. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो म्हणून त्या सोडून मधल्या साधारण १० चौरस मीटरचेच भात मोजतात. एका हेक्टरात असे १,००० तुकडे बसतात. म्हणजे वाफ्यात १०० ग्रॅम, अर्थात दोन-तीन मुठी भात, जास्त भरले की कागदावर हेक्टरी १०० किलो वाढ दिसते. शिवाय त्या वाफ्याची निंदणी वेळेवर झालेली असते, पाणी हवे तेव्हा सोडलेले असते आणि मजुरी विद्यापीठाने दिलेली असते. तुमच्या शेतावर यातली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

माझा स्वतःचा प्रबंध भाताच्या खतावरच होता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी बोईसरजवळच्या एका गावी मी मोठ्या उत्साहाने खताच्या गोळ्यांबद्दल बोललो. सभा संपल्यावर एक वयस्कर काका म्हणाले, "सर, सांगितलंत ते पटलं. पण आमच्या सुना आणि पोरं तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जातात. एकरभर गोळ्या दाबायला माणसं कुठून आणू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या प्रबंधात दाण्यांची संख्या होती, पेंढ्याचे वजन होते, पानांतील नत्र होते. गोळ्या दाबायला किती माणसे लागली याचा रकाना नव्हता. तो कोणी मागितलाही नव्हता.

गोळीचा प्रवास

हेच खताच्या गोळीचे उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण दोन्ही प्रकारचे अभ्यास त्यात आहेत.

चिखलणी केलेल्या खाचरात युरिया फेकून दिला तर त्यातील नत्राचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही. बहुधा ३० ते ४० टक्केच लागू पडतो. असे का होते याचा उलगडा जपानमधील शास्त्रज्ञांनी १९३०-४० च्या सुमारास केला. पाणी साचलेल्या जमिनीचा वरचा पातळ थर हवेशीर असतो आणि त्याखालचा थर हवेवाचून असतो. वरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते, ते खाली झिरपले की वायू होऊन उडून जाते. काही नत्र पाण्यातूनच अमोनियाच्या रूपाने हवेत जाते. आपल्याकडे तर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खाचरातून खाचरात पाणी वाहते आणि त्याबरोबर खतही बांधापलीकडे जाते. खत खालच्या थरात पुरले तर ते तेथे टिकते, हे यावरून सिद्ध झाले. हे ज्ञान शुद्ध, प्रबंधी पद्धतीच्या अभ्यासाचे फळ आहे. ते नसते तर पुढचे काहीच झाले नसते.

पण खत पुरायचे कसे? फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात खत मातीच्या गोळ्यात घालून चिखलात दाबून पाहिले. खत वाचले, परंतु एवढे मातीचे गोळे वळणार कोण? तत्त्व बरोबर आणि काम अवघड, अशा जागी पुष्कळ चांगले संशोधन अडून पडते.

येथून पुढचे काम कोकणात झाले. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी १९९० च्या दशकात कोकणातील शेतकऱ्यांच्या खाचरांतच प्रयोग करून चारसूत्री भात लागवड बसवली. यातील पहिले सूत्र राबात तुसाची काळी राख मिसळणे आणि पेंढा शेतात परत गाडणे. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला हेक्टरी सुमारे ३ टन. तिसरे, दोरीवर नियंत्रित आवणी. आणि चौथे, युरिया-डीएपीच्या गोळ्या.

यांतील तिसऱ्या सूत्राकडे पाहा. एकदा १५ सें.मी., एकदा २५ सें.मी., असे आळीपाळीने अंतर ठेवून चूड लावले की चार चुडांचा छोटा चौकोन तयार होतो आणि दोन चौकोनांमध्ये चालायला वाट राहते. त्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल दाबायची. चार चुडांना एकच गोळी! हे अंतर माणसाचा हात आणि पाय कुठे पडतो ते पाहून ठरलेले आहे. एका आरात, म्हणजे १०० चौरस मीटरमध्ये, ६२५ गोळ्या बसतात. हेक्टरी सुमारे १७० किलो खत पडते; त्यातून अंदाजे ५७ किलो नत्र आणि २९ किलो स्फुरद मिळते. गोळ्या पाडणारे यंत्रही गावपातळीवर चालेल असे लहान ठेवले. उपयोजित अभ्यास म्हणतात तो याला. नवे तत्त्व त्यात थोडे असेल, पण शेतकऱ्याचा हात, पैसा आणि वेळ हे प्रयोगाचाच भाग असतात.

आता त्या काकांच्या प्रश्नाकडे येऊ. आराला ६२५ म्हणजे एकरी पंचवीस हजारांवर गोळ्या झाल्या. घरात चार माणसे आवणीला असतील तर हे जमते. बोईसर-तारापूर पट्ट्यात, जेथे औद्योगिक वसाहतीमुळे आवणीलाच माणूस मिळत नाही, तेथे हीच पद्धत परवडेल की नाही, याचे उत्तर कोणत्याही प्रबंधात सापडणार नाही. ते येथील खाचरांतच, येथील मजुरीचा हिशेब मांडून शोधले पाहिजे. पेंढ्याचेही तसेच. ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत तो पेंढा शेतात गाडणार नाही, आणि त्याचे काही चुकत नाही. चार सूत्रांपैकी तीनच घेतली तर काय होते, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

शिफारस कशी ठरते

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. कर्जतला भाताचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, पनवेलला खार जमिनीचे, आणि पालघरलाही विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांवर प्रयोग काही वर्षे, निरनिराळ्या ठिकाणी घेतले जातात. निष्कर्ष राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे ठेवतात. तेथे मान्य झाले तरच त्याला शिफारस म्हणायचे. त्यानंतर कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या घेतात; डहाणू तालुक्यात कोसबाडला असे केंद्र आहे. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, तेव्हापासून ही रीत आहे.

शेतावरील चाचणीत १० चौरस मीटरचा वाफा नसतो, पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा असतो. तुलना तुमच्या नेहमीच्या पद्धतीशी असते. एकेका शेतकऱ्याचे शेत ही एकेक पुनरावृत्ती धरतात. खाडीकाठच्या खारट खाचरातले उत्तर मनोरकडच्या वरकस जमिनीला लागू पडेलच असे नाही, म्हणून शेते निरनिराळी घ्यावी लागतात. आकडे प्रबंधासारखे नेटके येत नाहीत, पण ते तुमच्या परिस्थितीतले असतात.

फळबागेत तर प्रबंधाची मुदत अपुरीच पडते. डहाणू-घोलवडकडील जुन्या चिकूच्या बागांत फांद्या एकमेकींत शिरून आत ऊन पोहोचत नाही. अशा झाडांची छाटणी केली की सुरुवातीला फळे घटतात, नवी फूट येऊन झाड सावरायला वेळ लागतो. दोन वर्षांचा प्रबंध येथे फक्त तोटाच दाखवील! असा प्रयोग हाती घेणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे की मधल्या वर्षांचे उत्पन्न बुडाले तर ते कोण सोसणार.

तेव्हा कोणी प्रयोगासाठी शेत मागितले तर संकोच न करता विचारावे: हे पदवीसाठी आहे की शिफारशीसाठी? किती शेतांवर घेणार? खत-बियाणे कोणाचे, नुकसान झाले तर कोणाचे? मजुरी मोजणार का? निष्कर्ष सांगायला परत केव्हा येणार? पदवीसाठी असेल तरी नाही म्हणू नये, तुकडा लहान द्यावा. शिकणाऱ्या मुलाला शेत पाहिजेच.

स्वतःच्या खाचरात पाहायचे असल्यास

एका वर्षी एकच गोष्ट बदलावी. वरचे खाचर आणि खालचे खाचर यांची तुलना करू नये. खालच्यात गाळ व ओल जास्त असते, म्हणून तेथे भात तसेही अधिक येते. एकाच खाचराचे पाण्याच्या उतारानुसार उभे दोन भाग करावेत, म्हणजे दोहोंनाही वरचे व खालचे टोक सारखे मिळेल. मधे छोटा बांध घालावा, नाहीतर फेकलेला युरिया पाण्याबरोबर पलीकडे जातो आणि दोन्हीकडे सारखेच पीक दिसते. वाण, राब आणि आवणीचा दिवस एकच ठेवावा.

कापणीच्या वेळी प्रत्येक भागातून ५ मीटर बाय २ मीटरचे तीन चौकोन घ्यावेत. ते बांधालगत किंवा झाडाच्या सावलीत नसावेत. जागा नजरेने निवडू नये, पीक चांगले असते तिकडेच आपला पाय वळतो. आधी पावले ठरवून मग आत शिरावे. प्रत्येक चौकोनाचे भात वेगळे झोडावे, वेगळे वाळवावे आणि एकाच काट्यावर तोलावे. वहीत वजनाशेजारी आवणीला व खताला लागलेली माणसे, त्यांची मजुरी आणि पेंढ्याचे भारेही लिहावेत. एका हंगामावर निर्णय घेऊ नये, पावसाचे साल दरवर्षी सारखे नसते. निदान दोन हंगाम तरी पाहावेत. वजन ओल्या भाताचे की वाळलेल्या भाताचे, हे मात्र त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे.