वेशीपर्यंतची बस

रिचमंडच्या बसमध्ये चढताना खिशात हात घालावा लागत नाही. मार्च २०२० मध्ये करोना पसरू लागला, तेव्हा चालकाशी जवळीक नको म्हणून प्रवाशांना मागच्या दारानं चढायला सांगितलं गेलं. पैसे टाकायची पेटी पुढच्या दाराशी. त्यामुळे भाडं आपोआपच थांबलं. साथ ओसरली, पुढचं दार पुन्हा उघडलं, पण दीड डॉलरचं ते भाडं काही परत आलं नाही.

व्हर्जिनिया राज्याची ही राजधानी सव्वादोन लाख वस्तीची. उपनगरं धरली तर लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात जाते. इथली बस चालवते ‘ग्रेटर रिचमंड ट्रान्झिट कंपनी’, सगळ्यांच्या तोंडी ‘जीआरटीसी’. नाव कंपनीचं असलं तरी धंदा नफ्याचा नाही. तिकिटातून खर्चाचा लहानसाच वाटा निघत असे; आता तो राज्याच्या अनुदानातून आणि व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठासारख्या भागीदारांच्या पैशातून भरून काढतात. फुकट बसमुळे बेघर माणसं दिवसभर आत बसून राहतात, अशी कुरकुर ऐकू येते. बसून राहत असतीलही. थंडीच्या दिवसांत त्यांनी दुसरं कुठं बसावं, याचं उत्तर बसकंपनीकडं मागण्यात अर्थ नाही.

शहरी वाहतुकीच्या इतिहासात रिचमंडला मानाचं पान आहे. एडिसनकडची नोकरी सोडलेल्या फ्रँक स्प्रेग या तरुण अभियंत्यानं फेब्रुवारी १८८८ मध्ये इथं सुमारे बारा मैलांच्या रुळांवर विजेच्या ट्राम सुरू केल्या. घोड्यांचा दम काढणारे इथले चढ या गाड्या डोक्यावरच्या तारेतून वीज घेऊन चढत. त्याच उन्हाळ्यात बोस्टनचे ट्राममालक हेन्री व्हिटनी खात्री करायला आले. एकाच ठिकाणी खूप गाड्या जमल्या तर वीज पुरेल का, ही त्यांची शंका. स्प्रेगनं बावीस गाड्या एका ओळीत उभ्या केल्या आणि लागोपाठ सोडून दाखवल्या. व्हिटनींची खात्री पटली आणि पाठोपाठ देशभर तारा पसरल्या. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ मध्ये, म्हणजे रिचमंडनंतर एकोणीस वर्षांनी.

पण कुणी कुठं बसायचं, हा वाद याच गाड्यांत पेटला. १९०४ मध्ये राज्यानं ट्रामकंपन्यांना वर्णानुसार वेगळं बसवण्याची मुभा दिली, कंडक्टरला पोलिसाचे अधिकार दिले. ‘रिचमंड प्लॅनेट’चे संपादक जॉन मिचेल आणि मॅगी वॉकर यांनी कृष्णवर्णीयांना पायी चालण्याचं आवाहन केलं. वॉकरबाईंनी आदल्याच वर्षी बँक काढली होती. अमेरिकेत बँक स्थापन करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. माँटगोमेरीच्या प्रसिद्ध बस बहिष्काराच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. ट्रामकंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आधीच डळमळीत होती ती, बहिष्कारानं आणखी ढकललं. तरीही १९०६ मध्ये राज्यानं वेगळं बसवणं सक्तीचंच केलं. कायदा असा हट्टी असतो.

शेवटची ट्राम १९४९ मध्ये धावली. नंतर डबे जाळून टाकले. रस्त्यावर उरली बस. १९५० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या जॅक्सन वॉर्ड वस्तीच्या मधोमध महामार्ग काढला गेला. गोरी कुटुंबं मोटारी घेऊन हेन्रिको आणि चेस्टरफील्ड या शेजारच्या, स्वतंत्र कारभाराच्या कौंट्यांत पसरत गेली. त्यांच्यामागून मॉल गेले, कचेऱ्या गेल्या, नोकऱ्याही गेल्या. बस मात्र शहराच्या वेशीशी अडली, कारण कौंटीत किती गाड्या न्यायच्या ते कौंटीचे लोकप्रतिनिधी ठरवतात. पैसेही तेच देतात. चेस्टरफील्डची गंमत तर औरच. १९८९ मध्ये या कौंटीनं जीआरटीसीची अर्धी मालकी घेतली, आणि पुढं कित्येक वर्षं स्वतःच्या हद्दीत जेमतेम बस येऊ दिली. हेन्रिकोतला शॉर्ट पंपचा मोठा मॉल २००३ चा. तिथं रोजची बस पोचली २०१८ मध्ये. मधली पंधरा वर्षं तिथल्या दुकानांत काम करू पाहणाऱ्या, पण मोटार नसलेल्या माणसानं काय करायचं?

२०१८ हे वर्ष एकूणच मोलाचं. २४ जूनला ‘पल्स’ सुरू झाली: ब्रॉड स्ट्रीटवरून धावणारी जलद बस, साडेसात मैलांहून थोडी लांब, चौदा थांबे, खर्च साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास. बऱ्याच अंतरावर तिला रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका आहे. फलाट बसच्या फरशीच्या उंचीचे, त्यामुळे चाकाची खुर्ची असो की बाबागाडी, सरळ आत. हिरवा सिग्नलही तिच्यासाठी थोडा थांबतो. थांब्यांवरची तिकीटयंत्रं दोन वर्षांतच बिनकामाची ठरतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. वाटेत ॲडम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मॅगी वॉकर यांचा पुतळा लागतो.

त्याच दिवशी शहरातले बाकीचे मार्गही नव्यानं आखले गेले. फाटे कमी केले, मुख्य रस्त्यांवर फेऱ्या वाढवल्या. काही म्हाताऱ्यांचा दारासमोरचा थांबा गेला, त्यांनी तक्रार केली, आणि ती रास्तच होती. पण तासाला एक गाडी येणारे दहा मार्ग असण्यापेक्षा पाव तासाला गाडी येणारे चार मार्ग बरे, असं मला वाटतं. तासाभराची गाडी चुकली की कामावरची हजेरीही बुडते.

म्हणूनच फुकट भाड्याचं कौतुक मला बेताचंच वाटतं. भाडं माफ करायला एक ठराव पुरला; गाड्या वेळेवर धावायला चालक लागतात. २०२१ च्या सुमारास चालक मिळेनासे झाले, तेव्हा भाडं शून्य असूनही लोक थांब्यावर ताटकळत होते. त्यातल्या अनेक थांब्यांवर धड बाकडंही नव्हतं, नुसता खांब. जीआरटीसीनं आता बाकडी आणि शेड वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. तो पल्सइतका मिरवण्याजोगा नाही, पण मी आधी त्यालाच पैसे दिले असते. दुसरी जलद बस उत्तर-दक्षिण न्यायचीही योजना आहे. ती ज्या कौंट्यांना जोडणार, त्यांच्या सभागृहांत आता अंदाजपत्रकाची घासाघीस चालेल.