दात्यांचा आवाज आणि कानांची किंमत

हेलिकॉप्टर आकाशातून गेले की त्याच्या पात्यांची फडफड खाली उभ्या असलेल्या सर्वांच्याच कानी पडते. आत बसलेल्या माणसाला छळणारा आवाज मात्र पुष्कळदा निराळाच असतो. केबिनच्या छतावर जखडलेल्या गिअरबॉक्समध्ये दंतचक्रांचे दाते एकमेकांत गुंतताना जो कर्कश सूर निघतो, तो हा आवाज होय. तो कमी करण्याच्या प्रयत्नांची हकिगत केवळ विमानविद्येपुरती नाही. आवाजाची किंमत कोणी मोजावयाची, या आर्थिक प्रश्नापर्यंत ती जाऊन पोहोचते. सांगलीनजीकच्या माधवनगरसारख्या यंत्रमागांच्या गावाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

हेलिकॉप्टरला दंतचक्रांवाचून गत्यंतर नाही. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेल्या 'चेतक'चेच उदाहरण घ्यावे. त्याच्या इंजिनाचा आस मिनिटाला सुमारे ३३,५०० फेरे घेतो, तर डोक्यावरचा पंखा अवघे ३५० च्या आसपास. एवढा वेग उतरवून तीच शक्ती पंख्याला पोहोचविण्याचे काम दंतचक्रांची मालिका करते. वीस दात्यांचे चक्र सेकंदाला शंभर फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला दोन हजार वेळा दात्याला दाता भिडतो. आणि नेमक्या याच पट्टीतील सुरांना मनुष्याचा कान फार हळवा असतो.

दात्यांचा आकार अगदी अचूक असेल आणि ते मुळीच वाकत नसतील, तर एका चक्राची गती दुसऱ्याकडे निर्वेधपणे जाईल. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दात्यांसाठी सुचविलेल्या वक्राचा गुण हाच आहे. परंतु पोलादही भाराखाली किंचित वाकते. त्यामुळे पुढचा दाता आपल्या वेळेच्या क्षणभर आधी येऊन आदळतो, चालविलेल्या चक्राची गती सूक्ष्मपणे अडखळते आणि तो हादरा आस, बेअरिंग व कवच यांच्या वाटेने केबिनच्या छतापर्यंत जातो. तेथे त्याचा आवाज होतो.

उपाय दात्याच्या घडणीतच आहेत. त्याचे टोक काही मायक्रॉन घासून घेतले, की पुढचा दाता आदळण्याऐवजी अलगद भार उचलतो. दाते अधिक उंच केले, तर एका वेळी किमान दोन जोड्या भार वाटून घेतात. तिरपे दाते टोकापासून टोकापर्यंत क्रमाक्रमाने भिडतात, म्हणून ते सरळ दात्यांपेक्षा शांत चालतात. तथापि यांतील काहीही फुकट मिळत नाही. टोकाची घासणी एका ठराविक भारालाच पुरेपूर लागू पडते. उंच दात्यांत घर्षण व उष्णता वाढते. तिरपे दाते आसाला बाजूला रेटतात, म्हणून बेअरिंगे दणकट लागतात. आणि हवेत उडणाऱ्या यंत्रात प्रत्येक किलो वजन महाग पडते.

तरीही हा खर्च करण्यात आला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत नासा आणि तेथील सैन्य यांनी ओएच-५८डी या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये नव्या घडणीची सर्पिल शंकुचक्रे बसवून पाहिली. त्या दात्यांचा सूर १२ ते १९ डेसिबलने खाली आला. दहा डेसिबलची घट म्हणजे आवाजाची शक्ती एक दशांश होणे, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. आणि हे साधले ते नवा धातू शोधून नव्हे, तर दात्याच्या पृष्ठभागाचे गणित सुधारून.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. हेलिकॉप्टर विकत घेणारे सैन्य आणि त्या आवाजात बसणारा वैमानिक हे एकाच संस्थेचे घटक आहेत. बहिरा किंवा थकलेला वैमानिक हे सैन्याचेच नुकसान. म्हणून शांततेला गिऱ्हाईक मिळाले आणि मायक्रॉनमागे पैसा धावला. यंत्रमागाच्या शेडमध्ये माग विकत घेतो मालक, आवाज ऐकतो कामगार. साध्या मागावर सर्वांत मोठा दणका धोटा फेकणाऱ्या काठीचा आणि फणीच्या ठोक्याचा असतो. सरळ दात्यांच्या चक्रांचा खडखडाट त्यात भर घालतो. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा ठरलेली असली, तरी अनेक लहान शेड कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात. कानाची झीज हळूहळू होते, परत भरून येत नाही आणि कोणत्याही खातेवहीत तिची नोंद होत नाही. कापडाच्या भावात ती धरलेली नसते. तो भाग कामगार आपल्या देहातून भरतो.

शांत यंत्र करणे अशक्य आहे, असे आता म्हणता येणार नाही. धोट्याविना चालणारे माग आहेत. चांगल्या घडणीची चक्रे आहेत. मात्र ती महाग आहेत आणि फायदा ज्याच्या कानाला, खर्च त्याच्या हाती नाही. अशा ठिकाणी बाजार आपणहून न्याय करीत नसतो. यंत्रमागांच्या आधुनिकीकरणासाठी सरकारी पैसा देताना मीटर कापडाबरोबर डेसिबलचाही हिशेब मागितला, तर ही दरी काही अंशी भरून निघेल. वैमानिकाचा कान जर मायक्रॉनच्या मोलाचा ठरतो, तर विणकराचा कान स्वस्त का मानावा?