चालीवर चढलेली इंग्रजी

मराठी घरातलं मूल इंग्रजीचा पहिला धडा वाचत नाही, गातं. 'एबीसीडी'ची चाल आणि 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल एकच. ती मूळची अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली. मोझार्टने तीच चाल पियानोसाठी बारा परींनी फुलवली. एल, एम, एन, ओ ही अक्षरं म्हणताना मुलं अशी का पळतात? चालीत त्या जागी एकेका अक्षराला निम्माच वेळ मिळतो, म्हणून. आणि शेवटी आपण 'झेड' म्हणतो तिथे यमक सुटतं, कारण जी, पी, व्ही यांच्याशी जुळतो तो अमेरिकी 'झी'. एवढ्याशा गाण्यात भाषा, लय आणि अटलांटिकपलीकडचा उच्चार, सगळं एकदम मुलाच्या तोंडी बसतं!

मोठ्यांनाही हे साधतं का? एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० प्रौढांना पंधरा मिनिटांत हंगेरियन भाषेतले छोटे वाक्प्रयोग शिकवले. एका गटाने ते नुसते बोलून म्हटले, दुसऱ्याने ठेक्यात बोलून, तिसऱ्याने गाऊन. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हंगेरियनच्या चाचण्यांत एकूण सरस ठरला गाणारा गट. नुसता ठेका पुरला नाही, सूरही लागला. आपल्याकडे पाढे चालीत म्हणवून घेणाऱ्या गुरुजींना हे ऐकून मुळीच नवल वाटलं नसतं.

लोकप्रिय इंग्रजी गाणी तर जणू शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली वाटतात. टिम मर्फी या अभ्यासकाने १९८७ मधली ५० गाजलेली गाणी तपासली. गाण्यातले शब्द साध्या बोलण्याच्या साधारण निम्म्या वेगाने येतात, पुन्हापुन्हा येतात आणि बहुतेक ओळखीचेच असतात. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे, गाण्यातल्या 'मी' आणि 'तू'ला सहसा नाव नसतं, गाव नसतं, तारीख नसते. म्हणून सोलापुरातल्या मुलीलाही ते गाणं थेट तिच्याशीच बोलतं.

मला सर्वांत थक्क करतो तो आघात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. मराठी कानाला या सरकत्या जोराची सवय नाही, आणि छापील शब्दावर तो दिसतही नाही. पण चांगला गीतकार जोराचा अवयव बहुधा ठेक्याच्या जोरकस मात्रेवर आणून ठेवतो. टाळी पडते तिथे शब्दाचा कणा सापडतो. न्यू यॉर्कमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी हेच हेरलं. रोजच्या अमेरिकी बोलण्यातला ठेका जॅझच्या ठेक्याशी जुळतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९७८ मध्ये त्यांचं 'जॅझ चँट्स' हे पुस्तक निघालं.

अर्थात एकदा ऐकून शब्द मुरत नाही. थायलंडमधल्या ३०० मुलांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाणं जितक्या जास्त वेळा कानावर पडलं, तितकी शब्दांची ओळख वाढली. पण एकच उतारा पाच वेळा कोण आनंदाने वाचेल? गाणं मात्र आपण स्वतःहून पुन्हा लावतो. म्हणून आधी ऐकावं, कळेल तसं म्हणावं, मग छापील शब्द समोर घ्यावेत आणि पुन्हा गावं. एकेकटा शब्द टिपण्यापेक्षा त्याच्या शेजारच्या शब्दांसह अख्खा तुकडा उचलावा. बोलताना तोच तुकडा जिभेवर आयता येतो.

व्याकरण बिघडेल ही शिक्षकांची काळजी खरी आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या 'आय कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन' या शीर्षकातच दोन नकार आहेत, आणि परीक्षेत तसं लिहिलं तर गुण जातील. पण ती चूक नव्हे, बोली आहे. अमेरिकेतल्या ब्लूज गाण्यांत हा दुहेरी नकार सर्रास भेटतो. आणि त्याच्याही कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, इंग्रजीचा थोर कवी चॉसर एका वाक्यात दोन-दोन, तीन-तीन नकार बिनदिक्कत लिहीत होता.