दोन गावांचा एक पगार

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी तासाला निघालो होतो. २०२४ सालचा जून महिना. आमच्या सरकारी कॉलेजातल्या कारकुनाने पाकीट पुढे केले आणि म्हणाला, "सर, पेढे पाहिजेत." मुंबईला बदली म्हणजे बढतीच, अशी अमरावतीत अजूनही समजूत आहे. मी हसलो, पाकीट खिशात घातले आणि वर्गावर गेलो. त्या दिवशी काय शिकवले ते मुलांनाच ठाऊक!

घरी सौभाग्यवतीने पेढ्यांचे नाव काढले नाही. तिने मुलीची जुनी शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'अमरावती' लिहिले, उजवीकडे 'मुंबई' लिहिले आणि म्हणाली, "अहो, आता सांगा. महिन्याअखेर उरतील किती?"

बँकेत, रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या वाचकांनी अशी वही केव्हा ना केव्हा भरली असेल. मी मराठीचा माणूस. बेरीज-वजाबाकीशी माझा संबंध परीक्षेचे पेपर तपासण्यापुरता. पण मला वाटले, यात अवघड ते काय? मुंबई अमरावतीपेक्षा किती पटीने महाग, हे सरकारदरबारी कुठे तरी लिहून ठेवलेलेच असणार. त्याशिवाय का महागाईभत्ता देतात?

आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने हा भ्रम दोन मिनिटांत उतरवला. केंद्राचा लेबर ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांतून किरकोळ भाव गोळा करतो. त्यात मुंबई आहे आणि आमच्याजवळचे नागपूरही आहे. पण प्रत्येक केंद्राचे २०१६ सालचे भाव १०० धरले आहेत. म्हणजे नागपूरही १०० आणि मुंबईही १००! पुढे जो आकडा वाढतो तो त्या गावाचा त्याच गावाच्या जुन्या भावांशी ताडलेला. माझे वजन गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले हे काटा सांगेल. पण मी शेजाऱ्यापेक्षा जाड की बारीक, हे त्या वाढीवरून कसे कळावे? शिवाय अखिल भारतीय आकड्यावरून निघालेला महागाईभत्ता सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी मिळतो. मुंबईला गेलो म्हणून त्यात एक पैसाही वाढणार नव्हता.

वाढणार होता तो घरभाडेभत्ता. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. महागाईभत्ता ५० टक्क्यांवर गेला, तेव्हा केंद्राने जानेवारी २०२४पासून या वर्गांना मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के असा घरभाडेभत्ता दिला. मुंबई आणि पुणे पहिल्या वर्गात. अमरावती, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर ही सगळी दुसऱ्यात. गंमत अशी की, हे वर्ग भाड्यावरून पाडलेले नाहीत, लोकसंख्येवरून पाडले आहेत. ५० लाखांवर वस्ती असेल तर पहिला, ५ लाखांपासून ५० लाखांपर्यंत दुसरा, त्याखाली तिसरा. घरमालक माणसे मोजून भाडे ठरवतो, असे हे गणित सांगते.

सोयीसाठी मूळ वेतन ८० हजार धरा. अमरावतीत भत्ता १६ हजार, मुंबईत २४ हजार. वाढ झाली ८ हजारांची. सौभाग्यवतीने तो आकडा उजवीकडे लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तिच्याकडे दोन रेघांचा अर्थ 'याला हात लावायचा नाही' असा आहे.

अमरावतीत आम्ही ९ हजार रुपये भाडे देत होतो. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणात लिंबाचे झाड. मालकांना आम्ही काकाजी म्हणत असू. भाडे वाढवायचे झाले की काकाजी आधी चहाला बोलावीत, मग प्रकृतीची चौकशी करीत, आणि मी निघताना दारात उभे राहून पाचशे रुपयांचे सांगत. करारबिरार काही नव्हता.

मुंबईत कॉलेज बोरीबंदराजवळ. पहिले चार दिवस एका मित्राकडे उतरून मी घरे पाहिली. दादरला एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर, भाडे ५५ हजार. मी दलालाला विचारले, "यात राहायचे कोणी?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्यामागे आणखी दोन पार्ट्या आहेत." मग कुर्ला, मग मुलुंड, मग ठाणे. गाडी जसजशी पुढे जाई तसतसे भाडे उतरत जाई, आणि डोंबिवलीला ते १६ हजारांवर येऊन थांबले. सरकारने दिलेले ८ हजार डोंबिवलीपर्यंतच पोचतात. दादरला पोचत नाहीत.

त्या १६ हजारांच्या मागे-पुढे बराच गोतावळा होता. डिपॉझिट ६० हजार, दलालाचे एक महिन्याचे भाडे, आणि अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्रातल्या १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. अमरावतीत काकाजींनाही माहीत नसावे! दलालाने जागा '६५० फूट' सांगितली होती. सौभाग्यवतीने टेप लावला, तेव्हा भिंतींच्या आत ती ४१० भरली. उरलेले २४० फूट जिना, लिफ्ट आणि दलालाची कल्पनाशक्ती यांत वाटले गेले होते. विक्रीच्या घरांना २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया सांगण्याचे बंधन घातले. भाड्याच्या घराला मात्र टेप हाच कायदा.

एवढे करून पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मुंबईच्या भाड्यांबद्दल तक्रार केली, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "छे हो, मुंबई काही इतकी महाग नाही." ते गिरगावात वडिलांच्या वेळच्या पागडीच्या खोलीत राहतात आणि महिन्याला काही शे रुपये भाडे देतात. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या सप्टेंबरातल्या पातळीशी बांधून ठेवली होती. नव्या कायद्याने ३१ मार्च २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ देऊ केली; पण मूळच इतके लहान की, त्याचे ४ टक्के म्हणजे चहाचे पैसे. मुंबईचे भाडे अशी एक वस्तूच नाही. गिरगावातल्या त्या जिन्यावर दोन शेजारी राहतात. एकाचे भाडे आजोबांच्या काळातले, दुसऱ्याचे गेल्या महिन्यातले, आणि दोघांचा नळ एकच!

आता स्वयंपाकघराकडे येतो, कारण आमचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो तिथे. भाजीचा भाव आम्ही वहीत मोठ्या काळजीने लिहिला होता. प्रत्यक्षात भाजीत फार फरक पडला नाही. (सौभाग्यवतीने पहिल्या दिवशी 'सांबार' मागितला, तेव्हा भाजीवाल्याने समोरच्या उडप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) फरक पडला तो गव्हात. वऱ्हाडात उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. दोन-तीन पोती एकदम, पीक नवे असताना, भाव उतरलेला असताना. उन्हात वाळवायचा, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा, की वर्षभर बघायला नको. डोंबिवलीच्या ४१० फुटांत कोठी ठेवली, तर माणसांनी जिन्यात झोपावे लागले असते. म्हणून पाच-पाच किलोंचे पीठ विकत आणणे आले. डाळीचे तेच. गच्चीला सोसायटीचे कुलूप, म्हणून कुरडया, सांडगे, पापड दुकानातून. लहान घराचे भाडे वाण्याच्या बिलातही भरावे लागते, ही गोष्ट आमच्या वहीत नव्हती.

मुंबईच्या बाजूने जमेला काहीच नव्हते असे नाही. एप्रिल-मेमध्ये अमरावतीत पारा ४५ अंशांकडे जातो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दिवसरात्र फिरतो आणि बिल पाहून घाम येतो. डोंबिवलीलाही वीज महावितरणचीच, दर तेच. पण तिथल्या दमट हवेत कूलरचा उपयोग नाही, त्यामुळे पंख्यावर भागले. आणि लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास! रोजचा हिशेब काढला तर एका चहाएवढाही पडत नाही. ४८ किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. देशात इतके स्वस्त दुसरे काही असेल असे मला वाटत नाही. पासावर आणि त्यावरून फिरणाऱ्या माणसांच्या पाठीच्या कण्यावर डोंबिवलीच्या इमारती उभ्या आहेत. घर सोडल्यापासून वर्गात पाऊल ठेवीपर्यंत मला पावणेदोन तास लागत. परतीचे तेवढेच. या साडेतीन तासांना वहीत रकाना नव्हता.

आणखी एका गोष्टीला रकाना नव्हता. आई.

आईचे वय ७६. अमरावतीत तिची खोली अंगणाकडची. त्या खोलीचे भाडे किती, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. तीन खोल्या होत्या, त्यांतली एक तिची. डोंबिवलीत एका जादा खोलीचे घर २३ हजारांना होते. म्हणजे आईच्या खोलीचे भाडे महिना ७ हजार! ते आकडे मी वहीत लिहिले तेव्हा आई समोर गवार निवडत बसली होती. तिला वाचता येते. तिने मान वर केली नाही, एवढेच म्हणाली, "काऊन रे एवढा जीव काढतं? मी जातो ताईकडे परतवाड्याले."

तिच्या पिढीच्या बाईला मुलीच्या घरी कायमचे राहणे किती जड, हे मला सांगायला नको. तरी मी 'बरं' म्हणालो. डिपॉझिटचा बोजा होता, मुलीची नव्या शाळेतली नववी होती, आणि २३ हजारांपर्यंत जायचा माझा धीर झाला नाही. आई वर्षभर परतवाड्याला राहिली. फोनवर नेहमी 'मस्त आहो' म्हणायची. दिवाळीत आली, ती दिवाणखान्यात झोपली आणि भाऊबीज होताच तिने परतीचे तिकीट काढायला लावले.

अकरा महिने संपत आले तेव्हा वही पुन्हा निघाली. या वेळी सौभाग्यवतीने दोनाऐवजी तीन रकाने पाडले. तिसरा बदलापूरचा. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, भाडे १३ हजार, म्हणजे डोंबिवलीच्या लहान घरापेक्षाही कमी. समोर डोंगर, वर उघडी गच्ची. पण बोरीबंदरापासून अंतर ६८ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन साधारण पाच तास, आणि पावसाळ्यात गाड्या अडल्या तर रामभरोसे. सौभाग्यवती म्हणाली, "तुमचे तास, तुम्हीच ठरवा." मी एक रात्र विचार केला. २०२५च्या जूनमध्ये सामान बदलापूरला हलवले आणि आईला आणायला परतवाड्याला गेलो. तिने बरोबर गव्हाचे एक पोते घेतले. मी नको म्हणत होतो, ती ऐकेना.

आता तिला स्वतःची खोली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या म्हणून तिने सोसायटीच्या सेक्रेटरीला आत्ताच सांगून ठेवले आहे. सौभाग्यवतीने पीठ विकत आणणे बंद केले. वहीतली शिल्लक प्रथमच अमरावतीइतकी झाली आहे.

सकाळी मी साडेपाचला उठतो तेव्हा आई झोपलेली असते. रात्री ती आठला जेवून अंथरुणावर पडते. माझी गाडी बदलापूरला साडेआठला लागते.