वायरीचं दुसरं टोक

वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण आता दहा हजार रुपयांना पडतं. मार्च २०२२ पर्यंत हेच काम सहाशे रुपयांत व्हायचं, मग पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा. माझी गाडी २००५ च्या दिवाळीतली, म्हणजे नेमकी कात्रीत सापडलेली. पैसे टोचतात, नाही असं नाही. पण जास्त टोचतं ते हे, की जुनी गाडी ठेवणं महाग झालं ते ती राखणारे हात म्हैसूरच्या आमच्या गोकुलममधून उठून गेल्यावर.

माझ्या आधीच्या काळाबद्दल मी फार बोलणार नाही. फियाट नाहीतर अँबॅसिडर, नंबर लावा आणि वाट बघा. सत्तरच्या दशकात फियाटची पद्मिनी झाली, एवढाच काय तो फरक. ज्यांना त्या दिवसांचा उमाळा येतो त्यांनी खुशाल लिहावं. मी लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला आले १९८७ साली, आणि पुढची नऊ-दहा वर्षं मात्र मला कुणी विसरायला सांगू नये.

तेव्हा शेजारच्या यादवगिरीत आयडियल जावाचा मोटरसायकलींचा कारखाना चालू होता. रुस्तम आणि फारुख इराणींनी काढलेला, १९६१ मध्ये जयचामराज वाडियारांच्या हस्ते सुरू झालेला. गोकुलमच्या रस्त्यांवर तिथल्या येझदीचा तो दोन सायलेन्सरांचा आवाज आणि टू-स्ट्रोकचा निळसर धूर इतका नेहमीचा होता, की सासूबाई वाळत घातलेले कपडे वाऱ्याची दिशा बघून आत घ्यायच्या. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारायची आणि तोच दांडा पुढे पाडून गिअर टाकायचा. शिवाय त्या दांड्यावर पाय दाबला की आधी क्लच सुटायचा, मग गिअर बदलायचा. हातातला क्लच न ओढताही काम व्हायचं. आज ऑटोमॅटिक म्हणून लाख रुपये जास्त मोजणाऱ्यांना हे सांगितलं, तर त्यांना वाटतं बाई थापा मारते आहे. त्यात ना कॉम्प्युटर होता, ना सेन्सर. लोखंडाचा एक कॅम होता, आणि तो झिजला तर का झिजला हे सांगणारी माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर होती.

कारखान्यातली काही मंडळी सुट्टीच्या दिवशी घराच्या अंगणात मोटारी बघायची. त्यांच्यात कामाची वाटणी पक्की होती. गिअरवाला वेगळा, करंटवाला वेगळा, आणि दोघे एकमेकांच्या कामात नाक खुपसत नसत. त्या काळच्या गाडीला ते परवडायचं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. सांध्यातले बुश झिजले की गाडी ऐन चढावर दोन गिअरच्या मध्ये अडकायची. मग बॉनेट उघडायचं, सळी हाताने हिसडून मोकळी करायची आणि पुढे निघायचं. दिव्यांचा आणि त्या अडकण्याचा काडीचा संबंध नसायचा. दिवे मंद झाले तर डायनामो, कटआउट नाहीतर बॅटरी. गिअर पडत नसला तर क्लच, सांधे नाहीतर ऑइल.

आमच्या गल्लीतल्या करंटवाल्या अण्णांकडे एक टेस्ट लॅम्प होता: बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला सुई, दुसऱ्याला चिमटा. बस. त्यांची शिस्त अशी, की बिघडलेल्या वस्तूला पहिला हात लावायचाच नाही. हॉर्न वाजत नाही? हॉर्न सोडून द्या. बॅटरीचे टर्मिनल, मग बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी, मग फ्यूज, मग स्विच, आणि सगळ्यात शेवटी हॉर्न. वायर जिथून निघते तिथून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, मधे उडी मारायची नाही. मला तेव्हा हा वेळकाढूपणा वाटायचा. सासऱ्यांना तर फारच. ते घड्याळ बघत उभे राहायचे.

१९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सकाळी फिरायला जाणारे निवृत्त अधिकारी अजूनही ठासून सांगतात की कामगारांनी बुडवला. संप, बेबनाव हे सगळं होतं, मान्य. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या होत्या, लिटरला दुप्पट पळणाऱ्या. धुराचे नियम कडक होत होते. आणि यादवगिरीत तीच जुनी टू-स्ट्रोक निघत होती. नवं इंजिन काढायचं की नाही हे काही पान्हा धरणारा ठरवत नाही. जावा हे नाव नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजारात परत आलं, फोटोबिटो झाले. गाडी बनते मध्य प्रदेशात, पीथमपूरला.

कारखाना गेला तसे आमच्या भागातले काही जण पूर्णवेळ गॅरेजवाले झाले. ती चार-पाच वर्षं गाडी ठेवणाऱ्यांची चैनच होती. पुढचं पटकन सांगते. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, २००२ मध्ये पट्टाभि जोईस यांची योगशाळा गोकुलमला आली, मग परदेशी विद्यार्थी, त्यांच्या भाड्याच्या स्कूटर, नारळपाणी, कॅफे. जागेची भाडी वाढली तेव्हा सगळ्यांत आधी उठली ती गॅरेजं. ग्रीस सांडलेल्या जमिनीवर आता मोठ्या कपांत कॉफी मिळते. चांगली असते.

आणि आता माझी गाडी. ऑटोमॅटिक, चार गिअरची. गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका द्यायची. संध्याकाळी दिवे आणि वायपर चालू केले की गिअरचा दिवा लुकलुकायचा आणि गाडी तिसऱ्यातच अडून बसायची. मधूनच स्पीडोमीटरचा काटा आडवा. एका चकचकीत वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी ०७०० हा कोड दाखवला आणि गिअरबॉक्स बदलण्याचा जो आकडा सांगितला, त्यात गाडीच विकत आली असती. आता पी ०७०० याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी तक्रार आहे. तक्रार कोणती, ते पुढे विचारायचं असतं. कुणी विचारलं नाही.

अण्णा आता पंच्याहत्तरीला आले, दुकान कधीच बंद केलंय, पण घरी आले. म्हणाले, ‘‘मॅडम, या गाडीत गिअर आणि करंट एकच. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर घाबरून गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो, मग गाडी एकाच गिअरात राहते.’’ मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, बॅटरीवर चौदाच्या आसपास, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी गिअरबॉक्सच्या धातूवर, आणि दिवे, पंखा, काच तापवायची तार असं सगळं चालू. तिथे आकडा शून्याजवळ हवा. आला अर्ध्या व्होल्टच्या वर. अर्थची पट्टी हिरवी होऊन निम्मी कुजली होती. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेली जागा, वर थोडं व्हॅसलिन. संध्याकाळचा त्रास तिथेच संपला.

स्कॅनरवर माझा राग नाही. अण्णाही तो मागून आणतात. पी ०५६२ दिसला तर व्होल्टेज कमी पडलंय हे तो बसल्या जागी सांगतो, आणि घरातला म्हातारा जुनी कागदपत्रं जपतो तसा गाडीच्या कॉम्प्युटरने जपलेला मागचा इतिहासही दाखवतो. राग आहे तो कोड वाचून थेट पार्टचा नंबर शोधणाऱ्या घाईवर. मीटर लावायला वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांचं बिल करता येत नाही, गिअरबॉक्सचं येतं. मालकांनाही हेच हवं असतं. ‘शोधण्याचे पैसे’ म्हटलं की आपलेच लोक भुवया उंचावतात.

आणि जुने मेकॅनिक सगळे देवमाणसं होते, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालणारे त्याच काळात होते. रिव्हर्स घेताना ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवणारे हॉर्न, रिले न लावता जोडलेले जाड हॅलोजन, कॅसेट प्लेअरसाठी कुठूनही कापलेल्या वायरी आणि त्यावर काळी चिकटपट्टी: आज जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये जो गोंधळ सापडतो, त्यातला बराचसा तेव्हाच्या उस्तादांनी पेरलेला आहे. माझ्याच गाडीत सेंट्रल लॉकिंगची अशी एक वायर निघाली, जी कुठेच जात नव्हती.

स्पीडोमीटरचा काटा मात्र पाऊस पडला की अजून आडवा होतो, आणि त्याच क्षणी हिसका बसतो. दोन्ही एकदम होतं म्हणजे वेगाच्या सेन्सरचा सिग्नल तुटतोय, असं अण्णांचं म्हणणं. सेन्सर तपासला, तो चांगला आहे, प्लगमधली पिन गंजली आहे. जानेवारीत ते मुलीकडे बेंगळुरूला कायमचे जायचे आहेत, त्याआधी हे उरकायचं होतं. पिन शोधत मी चार दुकानं फिरले. सुटी पिन कुणी विकत नाही. एकाने प्लगसकट अख्खं वायरिंग मागवून देतो म्हटलं, सहा आठवडे लागतील, पैसे आधी.